बंदुकीची माशी

ती बंदूक माझ्या बाकावर उघडली, तेव्हा दिसण्याआधी तिचा वास आला. वरून गोणपाट, आत मेणकापड, त्याच्या आत जुन्या चादरीच्या चिंध्या आणि त्या चिंध्यांना थापलेली मेंढीची चरबी. इराकी फौजा कुवेत शहरात घुसल्या तेव्हा घरातल्या बायकांनी हाताला लागलं ते घाईघाईत फासून, दस्मान भागातल्या जुन्या घराच्या अंगणात खड्डा करून ती पुरून टाकली होती. गंज चढू नये म्हणून चरबी. त्यानंतरचे सगळे उन्हाळे ती चरबी जमिनीखाली शिजत राहिली. आता ती काळपट पिवळी झाली होती, खरवडली की नखात अडकत होती, आणि खाटकाच्या दुकानामागच्या मोरीला येतो तसा वास सगळ्या टूलरूममध्ये पसरला होता. नळीच्या तोंडाशी झुरळांच्या अंड्यांची टरफलं चिकटली होती. आमचा केरळी टर्नर "अय्यो" म्हणून बाहेर गेला, तो चहा संपेपर्यंत आत आला नाही.

आमचे मॅनेजर नाकाला रुमाल लावून दारातच उभे होते. ते पुण्याचे. बनेद अल-गारला समुद्राजवळच्या इमारतीत राहायचे. शुद्ध शाकाहारी, ऑफिसात कुणाचा वाढदिवस असला तर केकमध्ये अंडं आहे का हे आधी विचारणारे. इंजिनियर म्हणून माणूस उत्तम होता, त्यात वाद नाही. रिफायनरीच्या एखाद्या पंपाचा आवाज ऐकून बेअरिंग कुठलं गेलंय हे ते सांगत. मला ते नावाने हाक मारत नसत, नाशिककर म्हणत.

"नाशिककर, जमेल ना? मी तुमच्या भरवशावर शब्द देऊन बसलोय."

शब्द त्यांनी दिला होता आमच्या कंपनीच्या म्हाताऱ्या कुवेती भागीदाराला. त्यांना सगळे हाजी म्हणत. बंदूक हाजींच्या वडिलांची. इंग्रजी लष्करी रायफल, थ्री-नॉट-थ्री. मी भारतात असताना काही वर्षं एका सरकारी बंदुकांच्या कारखान्यात तपासणी विभागात होतो, हे मॅनेजरना माझ्या अर्जावरून माहीत होतं. युद्ध संपल्यावर कुवेतमध्ये दुरुस्तीचं काम अफाट निघालं, तेव्हा मी इकडे आलो. शुऐबाच्या औद्योगिक भागातल्या वर्कशॉपमध्ये टूलरूम माझ्याकडे होती. मीना अल-अहमदीच्या रिफायनरीतून येणारे पंपाचे शाफ्ट, व्हॉल्व्हच्या सीटा, असली कामं. बंदुकीला पुन्हा हात लावेन असं वाटलं नव्हतं.

"परवाना आहे का तिचा?" मी विचारलं. युद्धानंतर घराघरांत हत्यारं पडून होती आणि सरकार ती परत मागत होतं. परदेशी माणसाने असल्या भानगडीत सापडणं म्हणजे सरळ विमानात बसवून घरी.

"अहो, वास्ता केवढा आहे त्यांचा!" मॅनेजर म्हणाले. वास्ता म्हणजे वशिला. हा शब्द तिथे पाण्यासारखा वापरला जायचा.

मी परवाना बघितल्याशिवाय हात लावणार नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी हाजी स्वतः आले. उंच, वाकलेले, डोळ्यांत मोतीबिंदूची झाक. खिशातून परवाना काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवला आणि मुंबईच्या हिंदीत बोलायला लागले. तरुणपणी वडिलांच्या गलबतावरून खजूर घेऊन ते मुंबईला येत, महिनोन्महिने राहत. "काय पाहिजे" आणि "चल पुढे" एवढं मराठीही त्यांना येत होतं.

"ही बंदूक बापाबरोबर जहाजावर असायची," ते म्हणाले. "दिवानियात टांगायची आहे. जशी होती तशी कर. नवी नको."

दिवानिया म्हणजे घरातली पुरुषांची बैठक. हाजी गेल्यावर मॅनेजर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "म्हाताऱ्याला काही कळत नाही. तुम्ही क्रोम मारा. माशी सोनेरी करून टाका. भिंतीवर झगमगली पाहिजे, म्हणजे आपलं नाव होईल."

माशी म्हणजे नळीच्या टोकावरचं ते लोखंडी टोक, नेम धरताना ज्यावर नजर टेकवायची ते. मागच्या बाजूला उभं करता येणारं पान असतं, त्याला खाच असते. खाचेतून माशी बघायची आणि माशीवर निशाण. या बंदुकीत दोन्हींची वाट लागली होती. मागचं पान वाकून त्याचा स्क्रू मोडला होता, आणि पुढे माशीच्या जागी जे होतं ते बघून मला चरबीपेक्षा जास्त किळस आली. मूळ माशी कधीतरी तुटली असणार. कुणीतरी तिथे बांधकामाच्या सळईचा तुकडा ठेवून सरळ आर्क वेल्डिंग मारलं होतं. नळीच्या तोंडावर वितळलेल्या लोखंडाचे गोळे साचले होते, जखमेवर पू सुकावा तसे. एवढ्या कसोशीने घडवलेल्या नळीवर कुणी असं करू शकतो, हे मला सहन होईना. हाजींना विचारलं तर म्हणाले, गावातल्या गॅरेजवाल्याने केलं, फार वर्षं झाली.

गरम पाणी, सोडा आणि रॉकेल वापरून चरबी काढली. हाताचा वास घरी जाऊनही जाईना. माझी बायको तिथल्या सरकारी हॉस्पिटलात सर्जिकल वॉर्डला नर्स होती. तिला वासांचं काही वाटत नसे. पण तिनेही मला ताटावर बसू दिलं नाही. "आधी लिंबू चोळा," म्हणाली. "आमच्या वॉर्डात गँगरीनचा पेशंट बरा."

मग माशी काढायचं काम. नळीच्या टोकाला लोखंडी टोपी असते, तिचे दोन कान माशीच्या दोन बाजूंनी वर आलेले असतात. आधी ती टोपी काढली. तिच्या आत वाळू, गंज आणि चरबी यांचं एक पीठ झालं होतं. वेल्डिंग उष्णतेने काढता आलं असतं, पण नळी वाकडी झाली असती. म्हणून कानस घेऊन बसलो. रोजचं काम संपलं की तासभर. ज्या ठोकळ्यावर माशी बसते त्याची आडवी पिन गंजाने एकजीव झाली होती. तेल सोडून ठेवायचं, पितळी पंच लावून हलकं ठोकायचं, नाही हललं की पुन्हा तेल. जोर केला असता तर पिन आतच फुटली असती. एक दिवस ती अचानक निघाली, आणि ठोकळा हातात आला. त्याखालची नळी स्वच्छ, निळसर काळी, कारखान्यातून निघाली तशीच होती. सगळ्या घाणीत तेवढी एक पट्टी चांगली राहिली होती.

नवी माशी मी टूल स्टीलमधून हाताने घासून काढली. ती ठोकळ्याच्या तिरक्या खाचेत आडवी सरकवून बसवायची असते. सैल झाली तर गोळीच्या हादऱ्याने उडते, घट्ट झाली तर नंतर सरकवता येत नाही. मागचं पान हाजींच्या पुतण्याने इंग्लंडहून कुणाकडून तरी मागवून घेतलं. हा पुतण्या पस्तिशीचा, इंग्रजी चांगलं बोलणारा, जरा लाजाळू माणूस. तो दर आठवड्याला येऊन बघून जायचा. नळी सपाट पाट्यावर ठेवून मी मागचं पान आणि माशी एका रेषेत आणली, काळसर निळा रंग चढवला. क्रोम मारलं नाही. मॅनेजरना सांगितलं की हाजींनी नको म्हटलंय. ते म्हणाले, "तुम्ही लोक फार अक्षराला धरून चालता."

बंदूक झाली. मला ती आवडली होती, हे खरं. नंतर जे झालं ते बाजूला ठेवून सांगतो, माझ्या हातून झालेल्या चांगल्या कामांत मी तिला धरत होतो.

माशी नवी बसवली की गोळ्या झाडून तपासावी लागते. भिंतीवर टांगायच्या बंदुकीला त्याची गरज नव्हती. पण पुतण्याला हौस होती. थंडीत कुवेती लोक वाळवंटात तंबू ठोकतात, तसा त्यांचा तंबू होता. हाजींनी त्याला बजावलं होतं, कागदाच्या निशाणावर मारायचं आणि संध्याकाळी परत आणायची. मॅनेजर म्हणाले, "आपण जायचंच. नाशिककर, हत्यारं घ्या बरोबर, माशी सरकवावी लागेल."

आम्ही शुक्रवारी सकाळी निघालो. रस्ता सोडल्यावर दोन्ही बाजूंना वाळू काळी होती. तेलविहिरी पेटवल्या होत्या तेव्हाची काजळी आणि तेल बसून वाळूवर डांबरासारखी पापडी आली होती. पुतण्या आधीच्या गाडीच्या चाकोरीतूनच गाडी चालवत होता, कारण बाजूला सुरुंग असण्याची भीती अजून होती. तंबूपाशी एक बांगलादेशी राखणदार होता. त्याने चहा केला. तंबूच्या मागे उरलेल्या भाताचा ढीग होता आणि तिथे एक पिवळट कुत्रा घुटमळत होता. अंगावर खरूज, कान फाटका. राखणदार जेवण झाल्यावर हाडं त्याच्यापुढे टाकत असे. कुत्रा आमच्या पायांशी येऊन वास घेऊन गेला.

आधी सगळं नीट झालं. दगडांच्या ढिगावर पुठ्ठा उभा केला. वाळूच्या पिशवीवर बंदूक ठेवून मी स्वतः पहिल्या गोळ्या झाडल्या. गोळ्या डावीकडे खाली जात होत्या. गोळी जिकडे जाते तिकडेच माशी सरकवायची, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला उलटं वाटतं. पुतण्याला मी ते वाळूत रेघा काढून समजावलं. टोपी सोडवून, पितळी पंचाने माशी केसभर डावीकडे ठोकली, टोपी लावून पुन्हा मारलं. फरक पडला. अजून थोडं राहिलं होतं. पुतण्याने मारलं, तो खूश झाला.

मॅनेजर खुर्चीवर बसून संत्री खात होते. ते उठले. "पुठ्ठ्यावर काय मारायचं? पुठ्ठा काय पळतो?" आणि बोट केलं. "तो बघा. हलतं टारगेट."

पुतण्या हसला. मला वाटलं थट्टाच आहे. पुतण्याने इंग्रजीत म्हटलंही, की तो रोज येतो, राखणदाराचा आहे. मॅनेजर म्हणाले, "डर्टी डॉग. रोग पसरवतात. महापालिका तरी मारतेच ना?" पुतण्या पाहुण्याला नाही म्हणू शकला नाही की त्यालाही मनातून करून बघायचं होतं, हे मला आजही सांगता येणार नाही. त्याने बंदूक उचलली आणि भाताच्या ढिगाच्या दिशेने एक गोळी झाडली. वाळू उडाली. कुत्रा दचकून थोडा लांब गेला आणि थांबला. आमच्याकडे बघत राहिला. माणसांपासून काही होईल अशी त्याला कल्पना नसावी.

"द्या इकडे," मॅनेजर म्हणाले.

"साहेब, नको," मी म्हणालो. "हे काय चाललंय?"

"गंमत हो," ते म्हणाले, आणि एक डोळा मिटून त्यांनी नेम धरला.

गोळी कुत्र्याच्या कमरेत लागली. मागचे दोन्ही पाय गेले. तो पुढच्या पायांवर स्वतःला ओढायला लागला आणि मागे वळून स्वतःच्याच कमरेला चावायला लागला. आवाज कुत्र्याचा वाटत नव्हता. राखणदार तंबूतून पळत आला आणि हातातली किटली धरून तसाच उभा राहिला.

मॅनेजरनी बंदूक खाली केली, माझ्याकडे वळले आणि अगदी वर्कशॉपमध्ये शाफ्टचं माप सांगावं तशा आवाजात म्हणाले, "अजून खालीच जातेय हो. मी छातीवर धरला होता. तुमची माशी थोडी घासायला हवी."

त्यांच्या बोटांना संत्र्याचा रस होता. ओठाच्या कोपऱ्यात संत्र्याचा एक तंतू अडकला होता. हे मला इतकं स्पष्ट दिसलं की अजून संत्रं सोलताना तो माणूस समोर येतो. त्यांच्या चेहऱ्यावर क्रूरपणा असता तर एक वेळ समजलं असतं. तिथे काहीच नव्हतं. एक तांत्रिक अडचण होती आणि ती मी सोडवायची होती.

मी त्यांच्या हातातून बंदूक घेतली. पुतण्याने कसंनुसं "व्हॉट आर यू डुइंग" विचारलं. मी चालत कुत्र्यापर्यंत गेलो. जवळ गेल्यावर त्याच्या खरजेचा आणि रक्ताचा वास आला, आणि मला पुन्हा ती चरबी आठवली. इतक्या जवळून नेम धरावा लागत नाही. मी नळी त्याच्या डोक्याशी नेली आणि चाप ओढला. आवाज थांबला.

मागून टाळ्या आल्या. "वा! एका गोळीत!" मॅनेजर ओरडले. "नाशिककर, तुम्ही तर छुपे रुस्तम!"

मी तंबूपाशी आलो. गोळ्या काढून घेतल्या. टोपीचा स्क्रू सोडवला, पंच लावला आणि माशी एका बाजूने ठोकत राहिलो. केसभर सरकवण्यासाठी नव्हे. ती खाचेतून पूर्ण बाहेर आली आणि वाळूवर पडली. मी ती उचलून खिशात टाकली आणि बंदूक खुर्चीत बसलेल्या पुतण्याच्या मांडीवर ठेवली.

"हे काय?" मॅनेजर म्हणाले.

"आता नेम धरता येणार नाही," मी म्हणालो.

"एका कुत्र्यासाठी? वेडे आहात का? हाजींना काय सांगू मी?"

"तुम्ही काय मारलंत ते सांगा."

पुतण्या उठून गाडीत जाऊन बसला. राखणदाराने फावडं आणलं होतं. मी त्याच्याबरोबर खड्डा केला. काळी पापडी फोडली की खाली स्वच्छ पांढरी वाळू होती. त्याने कुत्र्याचे पुढचे पाय धरले, मी मागचे धरले. मागच्या भागाला काही आकारच उरला नव्हता. राखणदार एकच वाक्य बोलला, "साहब, वो तो किसी को काटता नहीं था." परतीच्या वाटेवर मॅनेजर रिफायनरीतल्या आगामी शटडाऊनबद्दल बोलत होते. मी खिडकी उघडून डोकं बाहेर काढलं, आणि गाडी थांबवायला लावून रस्त्याच्या कडेला ओकलो.

घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "अंघोळ करा." मी नाहून आलो तर कपडे तिने बादलीत वेगळे भिजवले होते. रात्री जेवताना म्हणाली, "आमच्याकडे युद्धातली माणसं अजून येतात. कुणाच्या पायात छर्रे, कुणाचं काही. मी रोज ड्रेसिंग करते, मला काही होत नाही. पण तुमच्या साहेबांच्या घरचं पाणीसुद्धा मला आता उतरणार नाही."

चार-पाच दिवसांनी हाजींनी मला घरी बोलावलं. दिवानियात गालिच्यावर ते एकटेच बसले होते. बंदूक समोर होती, पुतण्या दाराजवळ मान खाली घालून उभा. त्याने सगळं खरं सांगितलं होतं, स्वतःच्या गोळीसकट. हाजींनी मला कॉफी दिली आणि बराच वेळ बंदुकीवरून हात फिरवत राहिले. माशीच्या जागी बोट आलं की थांबायचे.

"परत लाव," ते म्हणाले. "बापाची बंदूक आंधळी टांगणार नाही मी."

"हाजी, माझं मन होत नाही."

"तुझं मन मला कळतं. पण तू काढलीस, तूच लाव. दुसरा कोणी वेल्डिंग मारेल." मग म्हणाले, "आँख रहने दे. दाँत निकाल दे."

मला क्षणभराने समजलं. गोळीवर आपटणारी आतली सुई काढून टाकायची. मी हत्यारं आणून तिथेच अंगणात बसलो. माशी खाचेत सरकवली. तीच माशी, तोच पंच, पण हात लावताना किळस येत होती. मासळीच्या टोपलीत हात घालावा तसं वाटत होतं. कुठेही बसवली तरी चालली असती, तरी मी ती बरोबर मधे आणली. हाताला दुसरं जमत नाही. मग बंदुकीचा मागेपुढे सरकणारा बोल्ट उघडून सुई काढली आणि हाजींच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती पुतण्याच्या हातात दिली आणि अरबीत काहीतरी म्हणाले. पुतण्या बाहेर गेला. समुद्र समोरच होता.

मला बरं वाटायला लागलं होतं. मी म्हणालो, "तुमच्या वडिलांनी हिचा चांगला वापर केला असणार."

"बापाने हिने एक माणूस मारला," हाजी शांतपणे म्हणाले. "पाण्याच्या विहिरीवरून भांडण झालं होतं. दोन तरुण होते, एक पळाला." मग अभिमानाने म्हणाले, "पण कुत्रा कधी मारला नाही. कुत्रा मारणं नीच काम."

माझ्या हातात कॉफीचा कप होता. ती कॉफी मी प्यायलो की तशीच ठेवली, आठवत नाही. एवढं आठवतं, की आल्यापासून ज्या म्हाताऱ्याबद्दल मला आदर वाटत होता त्याच्याकडे नंतर मला बघता येईना, आणि त्याला त्यात काही वेगळं वाटलं असेल असं दिसलं नाही. त्याने मला दारापर्यंत सोडलं आणि मराठीत म्हटलं, "चल पुढे."

मॅनेजर माझ्याशी पूर्वीसारखेच वागत. मी मात्र कामापलीकडे बोलणं बंद केलं. गणपती आले तेव्हा त्यांच्या घरी आरतीला सगळ्या मराठी मंडळींना बोलावणं होतं. बायको येत नव्हती. मीच म्हणालो, "गणपतीने काय केलंय? पाया पडून येऊ." घर भरलेलं होतं. अभियंते, डॉक्टर, हॉस्पिटलातल्या मुली, रेशमी झब्ब्यांतली मुलं. आरती झाल्यावर एक सात-आठ वर्षांची मुलगी माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"अंकल, डिड यू रिअली शूट अ मॅड डॉग?"

मी तिच्या मागे बघितलं. मॅनेजर चार-पाच जणांना घेऊन उभे होते. "हेच ते आमचे नाशिककर," ते सांगत होते. "पिसाळलेला कुत्रा अंगावर आला. आम्ही सगळे गारठलो. हे पुढे गेले आणि एका गोळीत!" सगळे माझ्याकडे कौतुकाने बघत होते. एका डॉक्टरांनी हात पुढे केला.

"पिसाळलेला नव्हता," मी म्हणालो. "तंबूमागे खरकटं खायला यायचा. पहिली गोळी पुतण्याने मारली, ती चुकली. दुसरी यांनी मारली, ती कमरेत लागली. तिसरी मी मारली, कारण तो ओरडत होता."

मॅनेजर हसले. "नाशिककर फार हळवे आहेत," ते म्हणाले, आणि चांदीच्या ताटातला मोदक उचलून त्यांनी माझ्यापुढे धरला. तूप त्यांच्या बोटांवरून ओघळत होतं. माझा हात पुढे झालाच नाही. प्रसाद नाकारू नये असं आईने शिकवलेलं होतं, पण हात गेला नाही. बायकोने माझा दंड धरला. "चला," म्हणाली.

आम्ही लिफ्टची वाट बघत होतो, तेव्हा मॅनेजरच्या पत्नी मागून आल्या. पदर खोचलेला, हातात अजून निरांजन. "वहिनी," त्या माझ्या बायकोला म्हणाल्या, पण बघत होत्या माझ्याकडे. "खरं का हे? दुसरी गोळी ह्यांची?"

"हो," मी म्हणालो.

"घरी येऊन दोन वेळा जेवले त्या दिवशी," त्या म्हणाल्या. "पुरणपोळी केली होती मी." आणि निरांजन विझू नये म्हणून हाताचा आडोसा करून परत गेल्या.

त्यानंतर माझी टूलरूम गेली. मॅनेजरनी ती दुसऱ्या कुणाला दिली आणि मला मीना अल-अहमदीला साइटवर पाठवलं, पाळ्यांच्या कामावर. मी तक्रार केली नाही. त्यांच्या केबिनसमोरून जावं लागत नव्हतं, हेच बरं होतं. काही वर्षांनी ते सगळं कुटुंब कॅनडाला गेलं. निरोप समारंभाला मी गेलो नाही.

दोन हजार सालानंतर कधीतरी हाजी वारले. मी मातीला गेलो, पुतण्याला भेटलो. त्याचे केस पिकायला लागले होते. पुढच्या आठवड्यात त्याने फोन केला. बंदूक घरात नको होती, ती पोलिस ठाण्यात जमा करायची होती, आणि ती निकामी आहे हे समजावून सांगायला मी बरोबर यावं अशी त्याची इच्छा होती. मी गेलो. कागदपत्रं झाली. मी बोल्ट उघडून आतली रिकामी जागा दाखवली. तिथला माणूस समजूतदार होता, त्याने मान डोलावली. त्याच्या शेजारी आणखी एक जण नुसताच गप्पा मारायला बसलेला होता. त्याने बंदूक उचलली, वजन बघितलं, माशीवर बोट फिरवलं, "ज़ैन, ज़ैन," म्हणाला. छान आहे.

तेवढ्यात चहावाला तबक घेऊन आत आला. पन्नाशीचा, किडकिडीत, आपल्याच बाजूचा कुणीतरी. गप्पा मारायला बसलेल्या त्या माणसाने बंदूक खांद्याला लावली, एक डोळा मिटला आणि हसत हसत नळी चहावाल्याच्या छातीवर रोखली.

चहावाला जागीच थांबला. तबकातले काचेचे पेले एकमेकांवर वाजायला लागले. ठाण्यातला माणूस "खलास, खलास", म्हणजे पुरे पुरे, म्हणून बंदूक खाली घेत होता आणि दोघंही हसत होते. चहावाल्यालाही हसावं लागलं. पुतण्या माझ्याकडे बघून "सॉरी" म्हणाला, कुणाच्या वतीने ते मी विचारलं नाही. चहावाल्याने सगळ्यांपुढे पेले ठेवले. माझ्यापुढे ठेवताना बराच चहा बशीत सांडला. मी तो तसाच ठेवून उठलो.